एक एकर मारायचं, एक एकर सोडायचं, मग घड किती मोजायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यातले एक दादा, दोन एकर थॉमसन द्राक्ष, दहा बाय सहा फुटाची लागण, घडांसाठीची गोडी छाटणी आटोपत आलीय. एका कंपनीचा माणूस नवीन बायोस्टिम्युलंट, म्हणजे वाढीला चालना देणारं औषध, देऊन गेलाय, म्हणतो एका एकरावर मारा, एक एकर तसाच सोडा, फरक डोळ्याने दिसेल. दादांचं म्हणणं, डोळ्याचं काही खरं नाही, मला मण्याची साइज मोजायचीय, तर एकरी किती घड घेऊ, १०० पुरे का ५०० लागतील, आणि रँडम काढायचे म्हणजे नेमके कसे काढायचे.

दादा, मोजायचं ठरवलंत हे फार छान केलंत, पण खरा अडथळा घडांच्या आकड्यात नाहीये. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं द्राक्ष आणि कांद्याच्या ट्रायल आखून देते, त्यातली आकडेमोड करून देते, आणि दर सीझनला हा प्रश्न याच शब्दात येतो, किती घड? आधी विचारायला पाहिजे की औषध किती ठिकाणी वेगवेगळं वाटलं. तुमच्या आखणीत याचं उत्तर एक आहे. एका एकराला मिळालं, एकाला नाही, संपलं. आता त्यातून घड १०० घ्या नाहीतर ५०००.

असं बघा. समजा त्या बाटलीत नुसतं पाणी आहे. तरी दोनपैकी एक एकर सरस निघणारच, दोन एकर तंतोतंत सारखे कुणाच्याच बागेत नसतात. आणि तो सरस एकर नेमका औषधवाला निघायचा चान्स निम्मा, नाणं उडवल्यासारखा. म्हणजे बाटलीत पाणी असलं तरी निम्म्या शेतकऱ्यांना "फरक दिसला" असंच वाटणार, आणि कंपनीचा माणूस त्या निम्म्यांचेच फोटो ग्रुपवर टाकणार. तुम्ही ५०० घड मोजून कुठला एकर सरस आहे हे पक्कं करू शकाल, पण तो कशामुळे सरस आहे त्याबद्दल ते घड काहीच सांगत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण इथे पातेली दोन आहेत, दोन वेगळ्या चुलींवर, एकात तुम्ही तूप घातलंय, आणि भात मोकळा झाला तो तुपाने का चुलीच्या आचेने हे ठरवायला तुम्ही शितं वाढवताय. शितं वाढवून काय होणार, पातेली वाढवायला पाहिजेत.

त्यात दोन एकरांची विभागणी बहुतेकदा ड्रीपच्या व्हॉल्व्हवरच पडते, हे आधी तपासा. एका व्हॉल्व्हवर एक एकर असेल तर पाण्याचा फरक, फर्टिगेशनचा, म्हणजे ड्रीपमधून सोडलेल्या खताचा फरक सगळा औषधाच्या खात्यात जमा होतो. छाटणीचंही तेच, मजूर टोळी एक एकर आज छाटते, दुसऱ्याला चार दिवसांनी हात लावते, आणि मण्याच्या साइजला चार दिवस कमी नाहीत. मग जमीन, वरच्या अंगाला मुरमाड आणि नाल्याकडे काळी हे दिंडोरी-निफाड पट्ट्यात इतकं कॉमन आहे की मी विचारतसुद्धा नाही, गृहीतच धरते. तुमच्या बागेत यातलं काय काय आहे मला माहीत नाही, त्यामुळे पुढची आखणी तुमच्या नकाशाप्रमाणे थोडी हलवावी लागेल, पण विचार तोच राहील.

ही गफलत काही आजची नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला ब्रॉडबाल्क म्हणून शेत आहे, तिथे १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे, अजूनही चालू आहे. लांबच लांब पट्टे, एका पट्ट्याला एक खत, मूळ आखणीत त्याची पुनरावृत्ती नाही. १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथे नोकरीला लागले ते अशा साठलेल्या आकड्यांतून अर्थ काढायला, आणि तिथे काम करता करताच त्यांनी प्रयोगाच्या आखणीची तीन तत्त्वं बसवली, रेप्लिकेशन (एकच गोष्ट अनेक तुकड्यांवर करणं), रँडमायझेशन (कुठल्या तुकड्याला काय ते नशिबावर सोडणं) आणि लोकल कंट्रोल (सारख्या तुकड्यांचीच आपसात तुलना). बीएस्सी ॲग्री केलेला कुणीही ही तीन नावं झोपेत सांगेल, मात्र बागेत उतरला की एक एकर-एक एकरच करेल, हा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या बागेवर येते. दहा बाय सहा म्हणजे एकरी ७२६ झाडं. दोन एकर साधारण चौकोनी असेल तर २४ ओळी आणि ओळीत ६० झाडं असं काहीतरी बसतं, तुमचं वेगळं असेल तर मला कळवा, मी हेच धरून सांगते. तीन-तीन ओळींचा एक पट्टा करा, आठ पट्टे झाले. प्रत्येक पट्टा मधोमध आडवा तोडा, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, म्हणजे १६ तुकडे, एका तुकड्यात तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत ३० झाडं. आता शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची जोडी लावा, वरच्या अर्ध्यात चार जोड्या, खालच्या अर्ध्यात चार, एकूण आठ. जोडीतले दोन तुकडे एकमेकांना चिकटून, त्यामुळे जमीन, उतार, छाटणीची तारीख जवळपास सारखी. हेच ते लोकल कंट्रोल. मुरमाड आणि काळीतला फरक मग जोडी-जोडीत राहतो, जोडीच्या आत येत नाही, आणि तुम्ही तुलना जोडीच्या आतच करणार आहात. फक्त जोडीतला एक तुकडा एका व्हॉल्व्हवर आणि दुसरा दुसऱ्यावर असं होऊ देऊ नका, त्यासाठी पट्टे एखादी ओळ इकडेतिकडे सरकले तरी चालतील.

मग नाणं. प्रत्येक जोडीसाठी एकदा उडवायचं, छापा आला तर डावीकडच्या तुकड्याला औषध, काटा आला तर उजवीकडच्याला. आठ वेळा उडवा, वहीत लिहा, तारीख टाका, फोटो काढून ठेवा. इथे हमखास कोणीतरी म्हणतं की ताई नाणं कशाला, एकाआड एक देऊ ना, सारखी वाटणी होईल. दिसायला सारखी होते, पण बागेत उतार एका अंगाला असेल तर डावा तुकडा दरवेळी थोडा वर आणि उजवा थोडा खाली पडत जातो, आणि तो थोडा-थोडा फरक आठही वेळा एकाच दिशेने जमतो. शिवाय माणूस स्वतः ठरवायला बसला की हात नकळत बऱ्या तुकड्याकडे जातो, औषध विकणारा शेजारी उभा असेल तर जास्तच. नाण्याला बाग माहीत नसते म्हणून ते बरं.

तीन ओळींपैकी मोजायची फक्त मधली. दोन्ही बाजूच्या ओळी गार्ड म्हणून सोडायच्या, कारण फवारा उडतो. ट्रॅक्टरचा ब्लोअर तर या कामाला वापरूच नका, त्याचा फवारा दोन-तीन ओळी ओलांडून जातो आणि मग तुमचा न मारलेला तुकडाही मारलेलाच होतो. एसटीपी पंपाची हातातली गन घ्या, वारा पडलेला असताना सकाळी मारा. आणि न मारलेल्या तुकड्यांवर तेवढंच कोरं पाणी मारा. लोकांना हा वेडेपणा वाटतो, पण एका तुकड्यात माणूस तासभर फिरला, पाइप ओढला, घडांवर पाणी पडलं आणि दुसऱ्यात काहीच झालं नाही, तर तोही एक फरकच आहे. बाकीचं शेड्युल, म्हणजे जीएचं डिपिंग (घड जिबरेलिक ॲसिडमध्ये बुडवणं), थिनिंग (मणी विरळणं), भुरी-डाऊनी रोगांच्या फवारण्या, सगळं दोन्हीकडे एकसारखं आणि एकाच दिवशी. झाडावर घड किती ठेवले हे मात्र औषध मारायच्या आधी मोजून लिहून ठेवा, कारण २५ घडांचं झाड आणि ४० घडांचं झाड यांच्या मण्यात जो फरक पडतो तो कुठल्याही बाटलीपेक्षा मोठा असतो. जमलं तर आधी लोड सारखं करून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, किती घड. मधल्या ओळीत ३० झाडं, दोन्ही टोकांची तीन-तीन सोडा, उरली २४. दर तिसरं झाड घ्यायचं, पण सुरुवात पहिल्या, दुसऱ्या का तिसऱ्यापासून हे मोबाइलवर आकडा काढून ठरवायचं, आठ झाडं मिळतात. फक्त एक बघा, तुमचे मांडवाचे अँगल, म्हणजे लोखंडी खांबसुद्धा दर तिसऱ्या झाडापाशी असतील तर तुमच्या हाती सगळी अँगलजवळची झाडं येतील नाहीतर एकही येणार नाही, तसं असेल तर दर तिसरं सोडून द्या आणि २४ मधून चिठ्ठ्या टाकून आठ काढा. प्रत्येक झाडावर दोन घड, एक पूर्वेच्या अंगाचा, एक पश्चिमेच्या, कारण उन्हाकडचा आणि सावलीतला घड सारखा नसतो. कुठला घड हे झाडाजवळ जायच्या आधी ठरलेलं पाहिजे, उदाहरणार्थ खोडापासून तिसरा. झाडासमोर उभं राहून "हा घेऊ" म्हणालात की संपलं, डोळा चांगल्याच घडावर जातो, तुमचाही जाईल आणि माझाही जातो. प्रत्येक घडातून पाच मणी, दोन खांद्याचे, दोन मधले, एक शेंड्याचा. एका तुकड्यातून ८० मणी झाले.

हाताचा हा कल नवीन नाही. आपल्याकडे पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिले असतील, तलाठी किंवा कृषी सहायक रँडम आकड्याने शेतातला तुकडा काढतात आणि तेवढाच कापून तोलतात. ही पद्धत देशभर बसवण्यात संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा, साताऱ्याकडच्या बुध गावचे. १९४० च्या दशकात त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा यावरून वाद झाला होता, महालनोबिस बंगालमध्ये छोटे गोल तुकडे कापून घेत, आणि सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पादन फुगून येतं. कारण काठावरचं रोप आत धरायचं का बाहेर अशी वेळ आली की कापणारा ते आत धरतो, आणि लहान तुकड्यात काठच जास्त. कोणी लबाडी करत नसतं, हात तसा चालतो. आणि लासलगावला कांद्याच्या ट्रॉलीवरून व्यापारी मूठभर कांदा उचलून भाव काढतो आणि खाली करताना तळाचा माल बघून कुरकुर होते, तिथेही नमुना हाताला लागेल तिथून घेतलेला असतो, यापेक्षा वेगळं काही नाही.

८०० का नकोत, ८० च का, तर हिशोब करून दाखवते. समजा एकाच तुकड्यातल्या मण्या-मण्यात दीड एमएमचं विचलन आहे, म्हणजे मणी सरासरीपासून साधारण तेवढे इकडेतिकडे असतात, आणि औषध काहीच नसताना तुकड्या-तुकड्यात अर्धा एमएमचं. हे आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या बागेचे मोजल्यावर कळतील, आणि एकाच घडातले मणी एकमेकांसारखे असतात ती भानगड इथे सोडून दिलीय. तुकड्याच्या सरासरीतली अनिश्चितता म्हणजे ०.५ चा वर्ग अधिक १.५ चा वर्ग भागिले मणी, आणि मग वर्गमूळ. ८० मण्यांना ०.५३ एमएम येते. ८०० मण्यांना ०.५०. दहापट मजुरी घालून ०.०३ मिळवलं! तो ०.५० कितीही मणी मोजले तरी हलत नाही, तो फक्त तुकडे वाढवल्याने हलतो, आठ तुकड्यांची सरासरी घेतली की ०.५३ भागिले आठाचं वर्गमूळ, म्हणजे ०.१९ वर येतो. आणि तुमच्या मूळ आखणीत, एक एकर विरुद्ध एक एकर, तो ०.५० केवढा आहे हे मोजायलासुद्धा काही मार्ग नाही, कारण मारलेला तुकडा एकच आणि न मारलेलाही एकच.

मोजायची एक युक्ती सांगते. प्रत्येक मण्याला कॅलिपर लावत बसू नका, माणूस कंटाळतो आणि दुपारनंतरचे आकडे अंदाजे येतात. ॲल्युमिनियमची एल आकाराची पट्टी घ्या, एका झाडाचे दहा मणी एकाला एक चिकटून आडवे लावा, लांबी वाचा, दहाने भागा. थॉमसनचा मणी लांबट असतो म्हणून सगळे एकाच दिशेने ठेवा, रुंदीच मोजली गेली पाहिजे. एका तुकड्याची आठच रीडिंग, सगळ्या बागेची १२८, दोघांनी आरामात होतं. मोजणाऱ्याला मात्र कुठला तुकडा औषधाचा हे माहीत नको, पिशवीवर नुसता नंबर टाका आणि यादी घरात ठेवा. खुणेची रिबीनही झाडाला बांधा, घडाला नको, घडाला बांधली की थिनिंगवाल्या बायका तो "साहेबांचा घड" म्हणून जास्त निगुतीने विरळतात, हे मी बऱ्याच बागांत बघितलंय.

इथवरचं एका दमात, म्हणजे आठ जोड्या, आठ वेळा नाणं, मधली ओळ, आठ झाडं, झाडामागे दहा मणी.

हिशोब घरी वहीत होतो. प्रत्येक जोडीत औषधवाल्याची सरासरी वजा कोऱ्याची. समजा असे आठ फरक आले एमएममध्ये, ०.९, ०.२, १.२, उणे ०.३, ०.६, ०.५, ०.१, ०.८. सरासरी ०.५. या आठ आकड्यांचं प्रमाण विचलन ०.४८ येतं, एक्सेलमध्ये किंवा मोबाइलच्या शीटमध्ये एसटीडीईव्ही लिहिलं की झालं. ते आठाच्या वर्गमुळाने भागा, ०.१७. आठ जोड्यांसाठी संख्याशास्त्राच्या टेबलातला टी, म्हणजे नमुने कमी तितका मोठा होणारा गुणक, २.३६५, त्याने गुणा, साधारण ०.४. म्हणजे खरा फरक ०.५ च्या अलीकडे-पलीकडे ०.४, ०.१ ते ०.९ एमएमच्या मध्ये कुठेतरी. शून्य त्यात नाही, तर औषधाने काहीतरी केलंय म्हणायला जागा आहे. हा टी १९०८ साली गॉसेट नावाच्या माणसाने मांडला, डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता, स्टुडंट या टोपणनावाने छापला. हातात नमुने मोजकेच असताना किती ठामपणे बोलावं हाच त्याचा प्रश्न होता, तुमचाही तोच आहे.

टी वगैरे नको असेल तर नुसती चिन्हं मोजा. बाटलीत पाणी असेल तर प्रत्येक जोडीत औषधवाला जिंकायचा चान्स निम्मा, सहाच्या सहा जोड्या एकाच बाजूने जायचा चान्स ३२ त १, म्हणजे ३ टक्के. पाच जोड्या असतील तर पाचच्या पाच जिंकूनही ६ टक्के उरतात, आणि योगायोग नाही म्हणायला ५ टक्क्यांच्या आत असावं अशी रीत आहे. म्हणून आठ झेपत नसतील तर सहा करा, सहाच्या खाली मी ट्रायल आखून देत नाही. माझ्या ओळखीतले काही जण तीन जोड्यांवर रिपोर्ट लिहितात, मला ते पटत नाही. तीन जोड्यांना टेबलातला टी ४.३०३ आहे, एवढ्या थोडक्यात सिद्ध व्हायला औषधाने चमत्कार करावा लागेल, आणि केला नाही की "औषध फेल" म्हणून चांगल्या औषधावरही शिक्का बसतो.

दोन गोष्टी आधीच कागदावर लिहा. एक, निकाल कशावर ठरणार, मण्याची साइज का ब्रिक्स (रसातली साखर) का एकरी वजन. बाकीचं मोजा हवं तर, पण निकाल एकावर. दहा गोष्टी मोजून जी चांगली आली ती दाखवायची म्हटली, तर बाटलीत पाणी असतानाही दहातली एक तरी "सिग्निफिकंट", म्हणजे योगायोग वाटू नये अशी, यायचा चान्स ४० टक्क्यांच्या आसपास जातो, कंपन्यांच्या रंगीत पत्रकात ब्रिक्स, चकाकी, टिकवणक्षमता, देठाची जाडी अशी लांब यादी का असते ते यावरून समजा. दुसरं, तुम्हाला किती फरक आला तर हे औषध परवडेल. ०.१ एमएम खरा असला तरी त्याने १६ एमएमचा माल १८ एमएमच्या प्रतीत जात नाही. बाटलीची किंमत, फवारणीची मजुरी आणि दोन प्रतींतल्या भावाचा फरक, हे घेऊन तुमचा आकडा तुम्ही ठरवा, तो मी नाही ठरवू शकत. वरच्या उदाहरणात ०.१ ते ०.९ आलं, आणि तुमचा परवडायचा आकडा ०.६ असेल तर उत्तर "माहीत नाही, पुढच्या सीझनला परत" असं येतं. कंपनीच्या माणसाला हे आवडणार नाही. एका सीझनचं उत्तर तसंही त्या सीझनपुरतंच असतं, ऐन फुलोऱ्यात अवकाळी झाली त्या वर्षी काय घडलं यावरून पुढच्या कोरड्या वर्षाचं सांगता येत नाही.

माल एक्सपोर्टचा असेल तर मारायच्या आधी आणखी एक करा. बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलेत, तेव्हा बाटलीवर त्याप्रमाणे लेबल आणि घटक छापलेत का बघा. नसतील, किंवा माणूस "आत काय ते सिक्रेट आहे" म्हणाला, तर ट्रायलही नको, रेसिड्यूत, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या तपासणीत, काही निघालं तर आठ जोड्यांचा हिशोब कंटेनर वाचवणार नाही.

नाणं उडवायच्या आधी बागेचा हाताने काढलेला नकाशा टाका, ओळी किती, व्हॉल्व्ह कुठे, उतार कुठल्या अंगाला, कुठली ओळ कोणत्या तारखेला छाटली. फोटो नको, फोटोत उतार कळत नाही. त्यावर जोड्या मी लावून देते, नाणं तुम्ही उडवा.